भाकरी कशाची होती?

आत्यासमोर मोबाइल ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि जरा गंभीर आवाज काढून विचारलं, "आत्या, बहात्तरच्या दुष्काळाबद्दल सांग." तिनं पदर सारखा केला, मोबाइलकडे एकदा संशयानं पाहिलं आणि म्हणाली, "हुता की दुष्काळ. लई वाईट दिवस. काय सांगायचं त्येचं." संपलं. पुढची दहा मिनिटं मी परिणाम विचारले, सरकारनं काय केलं ते विचारलं, गावाची परिस्थिती विचारली. प्रत्येक प्रश्नाची तिनं एका वाक्यात बोळवण केली. शेवटी नाद सोडून मोबाइल उचलायला गेलो आणि सहज तोंडातून निघालं, "त्या वर्षी भाकरी कशाची होती गं?"

"मिलूची," ती म्हणाली. "लाल भडक. थापाय गेलं की फुटायची." आणि मग पाऊण तास ती थांबलीच नाही. अमेरिकेतून आलेल्या त्या तांबड्या ज्वारीच्या पिठाला गरम पाणी किती लागायचं, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीतली अर्धी पदराला बांधून घरी कशी आणायची, खडी फोडताना डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून मान कशी वळवायची, मुकादम हजेरी मांडताना कुणाकडे कसा बघायचा, तान्ह्या पोराची झोळी बाभळीला कुठल्या बाजूनं बांधली की दुपारपर्यंत सावली टिकायची.

महाराष्ट्रात १९७२–७३ च्या दुष्काळात ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं सरकारी कामांवर होती. हा आकडा कागदावर आहे. किती पाझर तलाव झाले, किती मैल रस्ते झाले, तेही सापडतं. रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांनी कशी मांडली आणि तिचा कायदा १९७७ साली कसा झाला, यावर पुस्तकं आहेत. झोळी बाभळीच्या कुठल्या बाजूला बांधायची, हे मात्र कुठल्याही दप्तरात नाही. ते फक्त त्या बाईला माहीत आहे, आणि तिला विचारल्याखेरीज ती सांगणार नाही, कारण हे 'सांगण्यासारखं' आहे असं तिला आयुष्यात कुणी भासवलेलंच नाही.

हे विचारण्याच्या रीतीला मौखिक इतिहास म्हणतात. ज्या काळातून, कामातून किंवा प्रसंगातून माणूस स्वतः गेला, त्याबद्दल त्याला प्रश्न विचारायचे, त्याचं बोलणं त्याच्याच आवाजात मुद्रित करायचं, आणि कुणी, कुणाचं, कुठं, कधी मुद्रित केलं याच्या नोंदीसकट ते असं ठेवायचं की उद्या तिसऱ्या माणसाला ऐकता येईल, तपासता येईल. यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. आजीच्या गोष्टी आपण सगळ्यांनीच ऐकल्या आहेत, पण नोंद नसेल तर त्या आपल्याबरोबर संपतात. पोवाडे किंवा दारात येऊन घराण्याची वंशावळ म्हणणारे हेळवी, ही जरा वेगळी गोष्ट. तिथं पिढ्यान्‌पिढ्या पुढं आलेलं सांगितलं जातं, आणि त्या वंशावळीत बहुधा बापाचं नाव येतं, आईचं येत नाही. मौखिक इतिहासात बोलणारा स्वतः साक्षीदार असावा लागतो.

आपल्याकडे इतिहास म्हटला की कागद. याला मोठी आणि अभिमानाची परंपरा आहे. वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळत फिरले, १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला आणि एकूण २२ खंड झाले. अस्सल कागद हाती असल्याशिवाय बोलायचं नाही, ही शिस्त त्यांनी मराठी इतिहासाला लावली आणि बखरींतल्या भाकडकथांवर तो उतारा होताच. पण कागद कुणाचा तयार होतो? ज्याच्याकडे वतन आहे, कर्ज आहे, तंटा आहे त्याचा. कुळंबीण म्हणजे दासी, किंवा गडी, कागदावर येतात ते खर्चाच्या यादीत, नाहीतर फिर्यादीत.

गंमत म्हणजे आधुनिक मौखिक इतिहासाची संस्थात्मक सुरुवातही बड्या लोकांपासूनच झाली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९४८ साली अ‍ॅलन नेव्हिन्स या इतिहासकारानं मुलाखतींचं दप्तर उघडलं. त्याची चिंता अशी होती, की टेलिफोन आल्यापासून मोठी माणसं पत्रं लिहीनाशी झाली आहेत, उद्याच्या चरित्रकारानं करायचं काय? म्हणून राजकारणी, न्यायाधीश, कारखानदार यांना बोलतं करायचं. साध्या माणसाकडे मायक्रोफोन वळला तो मुख्यतः पुढच्या वीसेक वर्षांत. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली कॅसेट आणली आणि यंत्र खांद्याला अडकवून कुणाच्याही ओसरीवर नेता येऊ लागलं, हेही त्याचं एक कारण. विचार बदलायला कधी कधी यंत्र हलकं व्हावं लागतं.

त्या काळातला माझा आवडता माणूस म्हणजे शिकागोचा स्टड्स टर्कल. रेडिओवर बोलणारा, सतत चिरूट ओढणारा. महामंदी भोगलेल्या माणसांचं 'हार्ड टाइम्स' १९७० साली आणि लोक दिवसभर काय काम करतात व त्याबद्दल त्यांना काय वाटतं हे सांगणारं 'वर्किंग' १९७४ साली त्यानं प्रसिद्ध केलं. एवढी पुस्तकं टेपरेकॉर्डरवर उभी केलेला हा माणूस टेपरेकॉर्डर चालवण्यात कायम कच्चा होता. बटणं चुकायची, मुलाखती पुसल्या जायच्या. तो म्हणायचा, की समोरच्याला आपली फजिती दिसली की तो मोकळा होतो. त्यानं सांगितलेला एक प्रसंग असा: गरीब वस्तीतल्या एका आईची त्यानं मुलाखत घेतली. पोरांना आईचा आवाज यंत्रातून ऐकायचा होता, म्हणून त्यानं टेप परत लावली. स्वतःचंच बोलणं ऐकून ती बाई चकित झाली. आपल्याला असं वाटतं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं, अशा अर्थाचं काहीतरी ती म्हणाली.

मराठीत आत्मकथनांची समृद्ध परंपरा आहे. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ चं, लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० चं. त्या पुस्तकांनी मराठी वाचकाला जे दाखवलं ते कुठल्याही सरकारी अहवालानं दाखवलं नव्हतं. पण आत्मकथन लिहायला लेखणी हातात यावी लागते. जिच्या हातात ती कधीच आली नाही, तिच्यासाठी विचारणारा माणूस लागतो. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हेच केलं. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना त्यांनी शोधून काढलं, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, तिचे ठराव छापील अहवालात मिळतात. त्या मंडपापर्यंत पोचलेल्या बायकांचं घर कसलं होतं, काम कसलं होतं, शिक्षण कुठं अडलं, हे विचारलं गेलं म्हणून आज वाचायला मिळतं. अजून दहा वर्षं उशीर झाला असता तर त्यातल्या कितीजणी भेटल्या असत्या, हा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

दुसरं उदाहरण मुंबईच्या गिरणगावाचं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. जवळजवळ अडीच लाख कामगार त्यात उतरले होते. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहत असताना मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी लालबाग-परळच्या चाळींतून फिरून कामगारांना, खानावळवाल्या बायकांना, कार्यकर्त्यांना, कलावंतांना बोलतं केलं. त्यातून शंभर वर्षं आणि शंभर आवाज असं नाव मिरवणारं इंग्रजी पुस्तक २००४ साली आलं, नंतर ते मराठीतही आलं. संपाचं अर्थकारण इतरत्रही वाचता येतं. एकाच खोलीत दिवसपाळीवाल्यानं उठायचं आणि रातपाळीवाल्यानं त्याच जागेवर अंग टाकायचं, यातून नाती कशी बनतात ते कळायला मात्र माणसांचंच बोलणं लागतं.

आता पुन्हा भाकरीकडे येतो, कारण माझ्या मते सगळी मेख प्रश्नात आहे. "दुष्काळाबद्दल सांग" हा प्रश्न माणसाला परीक्षेला बसवतो. त्याला वाटतं, काहीतरी मोठं, बरोबर, वर्तमानपत्रात येतं तसं बोलायला हवं. "भाकरी कशाची होती" या प्रश्नाचं उत्तर त्याच्या हातांना माहीत असतं. आपल्याकडे म्हणतातच, जात्यावर बसलं की ओवी सुचते. हे नुसतं सुभाषित नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, बर्नार बेल यांनी त्यातल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. त्या संग्रहात आज एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या सर्वांना ऐकता येतील अशा ठेवल्या आहेत. गावात पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि गाणंही त्याच्याबरोबर कोपऱ्यात गेलं. खुंटा हातात आला की ते परत येतं. म्हणून मुलाखतीला जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये. जुना फोटो, धोटा, खुरपं, रेशनकार्ड, काहीही न्यावं, किंवा त्यांनाच काढायला सांगावं.

तारखा विचारण्याचाही काही उपयोग नसतो. आत्याला १९६४ म्हणजे काय ते माहीत नाही. तिचं कॅलेंडर वेगळं आहे: गांधी गेले ते साल, कोयनेचा भूकंप झाला ते साल, थोरली पोटात होती ते साल, बैल विकला ते साल. तिच्या आजीच्या कॅलेंडरात प्लेग आणि मानमोडी होती. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. हे खुंटे ठाऊक असले की कुठलीही गोष्ट वर्षा-दोन वर्षांच्या फरकानं बसवता येते. आधी खुंटे विचारून घ्यावेत.

विचारणारा कोण आहे, यावर उत्तर किती बदलतं याचं एक अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेत आहे. १९३० च्या दशकात तिथल्या सरकारनं बेकार लेखकांना काम म्हणून, गुलामी भोगलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपायला लावल्या. दोन हजारांहून जास्त आठवणी जमल्या. चार्ल्सटन शहरातल्या सुझन हॅम्लिन या वृद्धेची मुलाखत १९३७ साली दोनदा घेतली गेली, एकदा गोऱ्या बाईनं, एकदा काळ्या पुरुषानं. गोरी बाई तिला सरकारी मदत देणाऱ्या कचेरीतली वाटली असावी. तिला सुझननं सांगितलं, मालक चांगला होता. काळ्या मुलाखतकाराला तिनं फटके आणि कुटुंबांची ताटातूट सांगितली. बाई तीच, शहर तेच, वर्ष तेच.

हे वाचून कुणाला आपलं गाव आठवलं नसेल तर नवल. आपल्याकडे पाहुणा ओट्यावर बसतो की पायरीवर, त्याचं आडनाव काय, तो पाणी कुठल्या घरचं पितो, हे सगळं पहिला प्रश्न विचारण्याआधीच ठरलेलं असतं आणि उत्तर त्या मापानं येतं. शहरातून गाडी घेऊन आलेल्या माणसाला योजना मिळवून देणारा समजण्याची चूक तर दर दुसऱ्या घरी होते. बायकांच्या मुलाखतीत आणखी एक अडथळा असतो. यजमान शेजारी येऊन बसतात आणि म्हणतात, "तिला काय ठाव, मी सांगतो." त्यांचीही मुलाखत घ्यावी, आदरानं घ्यावी, पण दुसऱ्या दिवशी.

मग यावर विश्वास किती ठेवायचा? आत्याच्याच बाबतीत सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, की ती खडी फोडायची तेव्हा सासूबाई बाभळीखाली झोळी हलवत बसायच्या. झोळीतला तो पोरगा म्हणजे माझा आतेभाऊ. त्यानं हे ऐकलं आणि म्हणाला, "आजी कुठली? आजी भूकंपाच्या आधीच गेली." भिंतीवर तसबीर आहे, तिच्याखाली तारीख आहे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे सासूबाई दुष्काळात नव्हत्याच.

इतिहासाचा जुन्या वळणाचा अभ्यासक इथं वही मिटेल. इटलीतल्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकानं मिटली नाही. तेर्नी या पोलाद कारखान्याच्या गावात १७ मार्च १९४९ रोजी लुईजी त्रास्तुल्ली नावाचा एकवीस वर्षांचा कामगार पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. निदर्शनं इटलीनं नाटो करारात जाण्याविरुद्ध होती. पोर्तेल्लीनं पुढं गावातल्या कामगारांना विचारलं, तर अनेकांनी तो मृत्यू १९५३ सालच्या दंगलींत घातला, म्हणजे कारखान्यानं दोन हजारांहून जास्त कामगारांना काढून टाकलं त्या वेळच्या. इतके जण एकाच दिशेनं कसे विसरतील? पोर्तेल्लीनं लावलेला अर्थ असा: एका दूरच्या करारापायी, काही मिनिटांच्या झटापटीत आपला सोबती गेला आणि आपण काहीच करू शकलो नाही, हे गावाला सोसत नव्हतं. नोकऱ्यांसाठीच्या मोठ्या लढ्यात तो पडला असं म्हटलं की मरणाला वजन येत होतं. तारीख चुकीचीच आहे, ती कागदानं दुरुस्त करावी. पण गावाला काय सलत होतं, हे त्या चुकीनंच दाखवलं.

मी महिन्याभरानं परत आत्याकडे गेलो. सासूबाईंची तारीख काढली नाही. नुसतं विचारलं, कामावर शेजारी कोण कोण असायचं? तिनं दोन-चार नावं घेतली आणि मग बराच वेळ गप्प राहिली. हे गप्प राहणं मी कसंबसं सोसलं. मुलाखतकाराला सगळ्यात अवघड जातं ते हेच. मग म्हणाली, "जाऊबाई असायची. झोळी तीच बघायची." पुढं शेताच्या वाटणीवरून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं होतं, ते मला माहीत होतं. तीस वर्षं दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. झोळी हलवणारा हात आठवणीत राहिला होता, तो कुणाचा हे बदलून टाकलं गेलं होतं.

हे इथं लिहिण्याआधी मी आत्याला विचारलं. "लिही की," म्हणाली, "आता ती बी गेली." आत्या नको म्हणाली असती तर वरचा परिच्छेद तुम्हाला वाचायला मिळाला नसता. परवानगी ही या कामातली औपचारिकता नाही. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजनं २००१ ते २००६ या काळात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. तुम्ही हयात असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता. २०११ साली तिकडच्या पोलिसांनी जुन्या खुनांच्या तपासासाठी त्या टेपा मागितल्या, प्रकरण अमेरिकेच्या कोर्टात गेलं आणि काही टेपा द्याव्या लागल्या. जो शब्द कायद्यापुढे टिकणार नाही तो द्यायचाच नाही, हा धडा त्यातून मुलाखतकारांनी घ्यायचा. आपण टेपा घेतो त्या बहुधा खुनाच्या नसतात, पण वाटणी, दुसरं लग्न, जातीबाहेर गेलेली मुलगी, कर्ज, एवढ्यानंही गावात घर उठतं. कुठला भाग घरापुरता, कुठला सगळ्यांसाठी, कुठला दहा वर्षांनी, हे मुलाखत संपल्यावर विचारावं आणि लिहून घ्यावं. आधी विचारलं तर कशाला हो म्हणतोय हेच माणसाला ठाऊक नसतं.

यंत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोबाइल पुरतो. तो फ्लाइट मोडवर टाकावा, नाहीतर ऐन वेळी बँकेचा फोन येतो. पंखा बंद करावा. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये आत्यापेक्षा पंखा जास्त बोलतो. जमलं तर वाव्ह फाइल ठेवावी, तासाला साधारण ६०० एमबी जागा खाते, पण आवाज कापला जात नाही. दोन-तीन ठिकाणी प्रत ठेवावी, त्यातली एक घराबाहेर. ऐंशीच्या दशकात आखाती देशांतून आलेल्या टेपरेकॉर्डरांवर लोकांनी हौसेनं आजोबांचे आवाज भरले होते, आज त्या कॅसेटांना बुरशी आली आहे.

खरं कष्टाचं काम म्हणजे उतरवून काढणं. एका तासाच्या बोलण्याला पाच-सहा तास सहज लागतात. आणि इथंच मराठी माणूस हमखास घाण करतो. शाळेतल्या बाईंचा लाल पेन डोक्यात असतो. 'हुता'चा 'होता' होतो, 'त्येचं'चं 'त्याचं' होतं, 'लई'चं 'खूप' होतं, आणि माणदेशातली बाई सदाशिव पेठेत राहायला येते. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्यांचं याहून वाईट होतं. बोलल्याबरहुकूम लिहावं. समजणार नाही असं वाटलं तर खाली टीप द्यावी. आणि 'अं', 'काय म्हंत्यात त्येला', मध्येच आलेलं हसू, लांब थांबणं, हेही कंसात नोंदवावं. आत्याचं ते गप्प राहणं मी घड्याळ लावून मोजलं, चौतीस सेकंद भरलं.

बहात्तर साली खडी फोडायला गेलेली वीस वर्षांची मुलगी आज सत्तरीच्या पुढं आहे. ब्याऐंशीच्या संपात चाळिशीत असलेला गिरणीतला जॉबर आता ऐंशी ओलांडून गेला आहे, असला तर. अशी माणसं तुमच्या घरात, नाहीतर गल्लीत आहेतच. येत्या रविवारी एखाद्याकडे जा, आणि परत येताना पुढच्या रविवारची वेळ घेऊन या. कारण पहिल्या बैठकीत माणूस जे ठरवलेलं असतं तेच सांगतो.